पिंडाला न शिवणारा कावळा आणि मिकीचे पांढरे हातमोजे

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे शनिवार पेठेत राहायला आला होता. वय तेरा, बोटांना कायम शाई आणि डोक्यात एकच खूळ, कार्टून काढायचं. पहिल्याच दिवशी त्याने वहीत वीस-बावीस पात्रं काढून आणून दाखवली. सगळ्यांचे डोळे बशीएवढे, नाकं टिकलीएवढी. "आत्या, हा रागीट आहे, हा हुशार आहे आणि हा भित्रा." रागीट कशावरून? तर त्याच्या भुवया तिरक्या होत्या. मी खोडरबर घेतला आणि तिघांच्याही भुवया पुसल्या. आता कोण कोणता ते त्यालाही सांगता येईना.

स्टोरीबोर्ड, म्हणजे फिल्मची आधी कागदावर चित्रांतून केलेली मांडणी, काढण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि ही चूक मी मोठ्या माणसांच्या कामातही रोज बघते. भुवयांनी मूड दाखवता येतो. स्वभाव ही वेगळी गोष्ट आहे. मूड मिनिटाला बदलतो. स्वभाव मात्र सात मिनिटांच्या फिल्मभर पुरला पाहिजे, आणि नशीब चांगलं असेल तर पुढची पन्नास-साठ वर्षंही. जुन्या गाजलेल्या पात्रांचा स्वभाव चेहऱ्यावर रंगवलेला नाही. तो ती पात्रं एखादी गोष्ट कशी करतात त्यात आहे. चेहरा, अंगकाठी, हातमोजे, शेपटी ही सगळी सोय आहे, त्या करण्याला वाट मोकळी करून देणारी.

याचा सगळ्यात जुना ठळक दाखला १९१४ चा आहे. विन्सर मॅके नावाच्या अमेरिकन चित्रकाराने गर्टी नावाची डायनोसोर कागदावर काढून हलती केली. नुसत्या रेघा, रंग नाही, आवाज नाही. मॅके स्वतः रंगमंचावर उभा राहून पडद्यावरच्या गर्टीला हुकूम सोडायचा. ती कधी ऐकायची, कधी कानाडोळा करायची आणि तो रागावला की चक्क रडायची. एवढं अवाढव्य जनावर आणि वागणं मात्र हट्टी, लाडावलेल्या पोरीचं. लोकांच्या लक्षात राहिलं ते हे वागणं.

पुढे १९३३ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओतून तीन डुकरांची गोष्ट आली. अंगावरचे कपडे सोडले तर तिघांचे चेहरे जवळपास एकाच साच्यातले. तरी कोण उनाड आणि कोण कामसू हे आवाज बंद करून पाहिलं तरी कळतं. दोघं नाचत-बागडत घर बांधतात, तिसरा मान खाली घालून विटा रचतो. पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झालेला चक जोन्स या फिल्मला नेहमी मान द्यायचा. तिन्ही पात्रं दिसायला सारखी आणि वागायला वेगळी, हे इथे जमलं म्हणून.

भाच्याला हे सांगून काही उपयोग नव्हता. तेराव्या वर्षी कोणी १९३३ चं ऐकत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन ओंकारेश्वराच्या बाजूला गेले.

तिथल्या घाटावर कोणाचा तरी दहावा चालू होता. पिंड मांडलेले, मंडळी हात जोडून दोन पावलं मागे सरकून उभी. समोरच्या झाडावर पाच-सहा कावळे. त्यातला एक खाली उतरला, चार हातांवर येऊन थांबला, मान वाकडी करून भाताकडे पाहिलं आणि तसाच उभा राहिला. गर्दीतल्या एका बाईंनी हलक्या आवाजात काहीतरी कबूल केलं, कोणाचं तरी शिक्षण पूर्ण करू असं असावं. कावळा ढिम्म. मग एका काकांनी आणखी काही कबूल केलं. कावळ्याने एक पाऊल टाकलं, तेही बाजूला. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

हसू नये अशी जागा होती, म्हणून आम्ही पुलापर्यंत येईस्तोवर गप्प होतो. तिथे भाचा म्हणाला, "आत्या, तो शिवत का नव्हता?"

"तूच सांग."

त्याने जरा विचार केला. "त्याला तूप कमी वाटलं असेल. पण तो तसं बोलून दाखवणार नाही."

पात्र जन्माला आलं ते इथे. कागदावर अजून एक रेघ नव्हती, पण कावळ्याला काय हवंय ते कळलं होतं. भात नव्हे. भात त्याला कुठेही मिळतो, कर्वे रस्त्यावरच्या वडापावच्या गाडीखालीही. त्याला हवा आहे मान. लग्नात वरपक्षाकडचे एक काका असतात ना, जेवायला बसा असं तिसऱ्यांदा म्हटल्याशिवाय पाट न घेणारे, तसा. नातं जोडलं की मराठी माणसाला पात्र अर्धं कळतंच. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये एक छोटा कार्टूनपट काढला, त्याचं नाव होतं 'जंबू काका'. जंबुक म्हणजे कोल्हा. पण नुसता कोल्हा म्हटलं असतं तर ते जनावर राहिलं असतं. काका म्हटलं की तो घरात येऊन बसतो.

डिस्नेच्या स्टुडिओत आर्ट बॅबिट नावाच्या ॲनिमेटरने १९३४ मध्ये गूफीचं असंच टिपण केलं होतं. आधी त्याचं डोकं कसं चालतं: हळू चालतं, पण मनाने तो निर्मळ, स्वतःच्याच विनोदावर हसणारा. मग त्यावरून शरीर कसं चालेल: हात लोंबते, पावलं सैल. क्रम लक्षात घ्या. आधी डोकं, मग शरीर. भाच्याला मी तेच करायला लावलं. त्याने वहीत लिहिलं: "घाई करत नाही. आपलं काही चुकू शकतं हे त्याला माहीतच नाही. लोक आपल्याला विसरतील याची आतून भीती." शेवटचं वाक्य वाचून मी जरा वेळ गप्प बसले. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग आकार. चित्रकलेच्या वर्गात एक ठोकळ नियम सांगतात: गोल म्हणजे प्रेमळ, चौकोन म्हणजे हट्टी, त्रिकोण म्हणजे धोका. खोटा नाही, पण त्यावर फार विसंबू नये. कावळा मुळात त्रिकोणांचा पक्षी, चोच त्रिकोणी, शेपटी त्रिकोणी. तसाच काढला तर खलनायक होतो. आमचा खलनायक नव्हता, रुसलेला होता. म्हणून खाली पेरूसारखं पोट आणि त्यावर लहान डोकं. चोच तेवढी टोकदार ठेवली आणि वर उचलली, म्हणजे जगाकडे बघताना त्याला नाकाच्या शेंड्यावरून बघावं लागेल. पूर्ण अंगातून मनातल्या मनात एक रेघ काढायची, तिला ॲनिमेटर लाइन ऑफ ॲक्शन म्हणतात. उत्सुक पात्राची ही रेघ पुढे झुकते, भित्र्याची गोळा होते. आमच्या कावळ्याची मागे वाकली, पोट पुढे आणि डोकं मागे. मानपान हवा असलेला माणूस कधी पुढे झुकत नाही.

पंख काय करतील? भाचा म्हणाला, पाठीमागे बांधलेले, आजोबा सारसबागेत फिरतात तसे. छान. फीलिक्स नावाचा मांजर १९१९ मध्ये पडद्यावर आला, त्याचीही ओळख हीच होती: हात पाठीमागे, मान खाली, येरझाऱ्या घालत विचार. बोलपटाच्या आधीच्या काळात त्या एका चालीने ॲनिमेटर ओट्टो मेस्मरने मांजराला डोकं दिलं. शिवाय त्याची शेपटी गरज पडली की प्रश्नचिन्ह व्हायची.

आता आमची पंचाईत झाली. पात्र ओळखू येतं की नाही ते तपासायची जुनी रीत म्हणजे त्याला आतून पूर्ण काळं भरायचं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं. नुसत्या सावलीवरून कोण आहे आणि काय करतोय ते कळलं पाहिजे. भाच्याने ब्रशने शाई भरली, कागद दाराला चिकटवला आणि आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पाहिलं. दारावर एक वांगं होतं. समोरून काढलेला कावळा, पंख पाठीमागे, म्हणजे सावलीत पंख नाहीतच. त्याचा सगळा रुबाब त्या पंखांत, आणि तोच दिसत नव्हता. मग त्याला जरा वळवून उभा केला, तसा पंखाचा कोपरा मागून बाहेर आला, चोच बाजूने सुटी झाली, आणि दारावर काका उभे राहिले. मिकी माऊसचे कान आठवा. तो कुठेही वळला तरी कान दोन पूर्ण गोलच दिसतात. खऱ्या उंदराच्या बाबतीत हे शक्य नाही. पण सावली बिघडू नये म्हणून तिथे निसर्ग बाजूला ठेवला गेला.

मिकीचा विषय निघालाच आहे तर हातमोज्यांचंही सांगते, कारण आमच्या कावळ्याला त्याच दुखण्याने गाठलं. १९२८ मध्ये अब आयवर्क्सने मिकी काढला तो बहुतेक गोलांचा, कारण गोल पटापट काढता येतात आणि कसाही फिरवला तरी गोल गोलच राहतो. चित्रपट काळा-पांढरा, मिकीचं अंग काळं, हातही काळे. हात छातीसमोर आला की गायब. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, त्याला पांढरे हातमोजे चढले. बोटं चारच, कारण एवढ्याशा हातावर पाच बोटं केळ्याच्या घडासारखी दिसतात आणि प्रत्येक चित्रातलं एक बोट वाचतं ते वेगळंच. आज आपल्याला ते मोजे म्हणजे मिकीचा थाट वाटतो. सुरुवात झाली ती निव्वळ अडचणीतून.

आमचा कावळा डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा. डोकं खाली घातलं की छातीत मिसळून जायचं. भाचा त्याला लाल मफलर घालायला निघाला होता. मी त्याला गॅलरीत नेलं. "नीट बघ, कावळा सगळा काळा असतो का?" समोरच्या तारेवर बसला होता तो. पुण्यात घरांभोवती दिसणारा कावळा मानेला राखाडी असतो. पूर्ण काळा तो डोमकावळा. म्हणजे मफलर निसर्गानेच दिला होता, फक्त आम्ही न बघता काढत होतो. राखाडी मान काढली आणि डोकं एकदम सुटं झालं. वर ते उपरण्यासारखं दिसायला लागलं, त्यामुळे काकांच्या काकापणात भरच पडली.

या मानेला आणखी एक इतिहास आहे. टीव्हीसाठी कार्टून बनायला लागली तेव्हा पैसा थोडा आणि काम ढीगभर. १९५८ मध्ये हॅना आणि बार्बेरा यांच्या कंपनीचं योगी अस्वल आलं, डोक्यावर टोपी, अंगावर बाकी काही नाही, पण गळ्याला कॉलर आणि टाय. अस्वलाला टाय कशाला? तर धड एकाच चित्रात स्थिर ठेवायचं आणि डोकं तेवढं वेगळ्या पारदर्शक शीटवर हलवायचं. जोड दिसू नये म्हणून कॉलर. त्या कंपनीच्या कितीतरी प्राण्यांच्या गळ्यात काही ना काही असतं, ते यासाठी.

इथे थोडं गणित केलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. फिल्म सेकंदाला २४ चित्रं दाखवते. सात मिनिटांचं कार्टून म्हणजे १०,०८० चित्रं. एकच चित्र दोन-दोनदा वापरलं तरी एका पात्राची ५,०४० काढायची. म्हणजे तुम्ही पात्राच्या सदऱ्याला एक गुंडी जास्त काढलीत तर कोणीतरी ती पाच हजार वेळा काढणार. हे मी ठेच लागून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जाहिरातीसाठी किराणा दुकानदार काढला होता, अंगात चौकड्यांचा शर्ट आणि हातात वेलबुट्टीची पिशवी. कागदावर फार झकास. माणूस हात हलवायला लागला तशा चौकड्या मुंग्यांसारख्या वळवळायला लागल्या. तिसऱ्या दिवशी ॲनिमेशन करणाऱ्या मुलाने मला न विचारता शर्ट पांढरा केला आणि पिशवी काढून टाकली. मला राग आला, आणि तो बरोबर होता. टॉम आणि जेरी १९४० मध्ये पहिल्यांदा आले तेव्हा टॉमही केसाळ आणि बारीक तपशिलांचा होता. पुढच्या काही वर्षांत तो सुटसुटीत होत गेला.

हजारो चित्रं एकच माणूस काढत नाही. म्हणून मॉडेल शीट असते: पात्र समोरून, तिरकं, बाजूने, पाठीमागून, आणि ते किती डोकी उंच आहे याचं माप. आमचा कावळा तीन डोकी उंच ठरला. संगणकावर आता रेघा पुन्हा पुन्हा काढाव्या लागत नाहीत, पण ही शीट काही सुटलेली नाही.

दिसणं इथे संपलं. खरा रस मला यापुढच्या भागात आहे, तो म्हणजे नियम. पात्र काय करतं यापेक्षा काय कधीही करणार नाही, हे ठरलं की स्वभाव घट्ट होतो. बग्ज बनी १९४० च्या टेक्स ॲव्हरीच्या फिल्ममध्ये आपल्या ओळखीच्या रूपात आला. समोर बंदूक आहे आणि हा गाजर खात निवांत उभा आहे. चक जोन्सने पुढे त्याच्यासाठी एक पथ्य पाळलं: बग्ज कधी स्वतःहून खोडी काढणार नाही. आधी कोणीतरी त्याच्या वाटेला जायला हवं. ते एक पथ्य काढून टाका, तोच ससा गुंड वाटायला लागेल. एकही रेघ न बदलता.

जोन्सच्याच रोड रनर या सुसाट पळणाऱ्या पक्ष्याचं आणि त्याच्या मागे लागलेल्या कोल्ह्यासारख्या कायोटीचं, १९४९ पासूनचं, याहून कडक. रोड रनर 'बीप बीप'पलीकडे बोलणार नाही आणि कायोटीला हात लावणार नाही. कायोटीचं जे काही वाटोळं व्हायचं ते त्याच्या स्वतःच्या यंत्रांनी आणि गुरुत्वाकर्षणाने. तो कधीही पाठलाग सोडून घरी जाऊ शकतो. पण जात नाही, आणि हा 'जात नाही' म्हणजेच कायोटी. आपण हसतो त्याला आणि जीवही तुटतो त्याच्यासाठीच.

आम्ही आमच्या कावळ्याला दोन नियम घातले. एक, बोलावल्याशिवाय खायचं नाही. दोन, भूक लागली आहे हे कबूल करायचं नाही. चोरटा म्हणून बदनाम असलेल्या पक्ष्याला हे नियम लावल्यावर गोष्टी आपोआप सुचायला लागल्या. त्यासमोर उभं करायला भाच्याने कबूतर निवडलं, आणि पुण्यात राहणाऱ्याला त्याचं कारण विचारायची गरज नाही. मानपान ठाऊक नाही, बोलावणं ठाऊक नाही, दिसेल ते खायचं. कावळा उभा, कबूतर आडवं. कावळा थांबतो, कबूतर थांबत नाही. चांगल्या जोडीत दोघांना एकच गोष्ट हवी असते आणि ती मिळवायच्या तऱ्हा उलट असतात. आवाज ठरवला नाही. डोनाल्ड बदकाची कल्पना क्लॅरेन्स नॅशच्या त्या गालातून काढलेल्या आवाजावाचून करता येत नाही हे खरं, पण आवाजाशिवाय जे उभं राहत नाही ते आवाजानेही फार वेळ उभं राहत नाही असं माझं मत आहे.

नियम सैल झाले की काय होतं तेही मिकीतच दिसतं. १९२८ चा मिकी चांगलाच वांड होता. बोटीवर मांजराला शेपटी धरून गरगर फिरवायचा आणि जनावरांची वाद्यं करायचा. मग तो कंपनीचा चेहरा झाला, घराघरात गेला, आणि त्याने वाईट वागणं लोकांना खपेना. चिडचिड आणि आगाऊपणा १९३४ मध्ये आलेल्या डोनाल्डच्या वाट्याला गेला. १९३९ च्या सुमारास फ्रेड मूरने मिकीला नवं रूप दिलं: अंग लवचिक, डोळ्यांत बुबुळं. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मिकीची जुनी-नवी चित्रं मोजून दाखवलं की वर्षं गेली तसे त्याचे डोळे आणि डोकं मोठं होत गेलं, म्हणजे वय वाढताना तो अंगाने लहान होत गेला. मोठं डोकं आणि मोठे डोळे दिसले की आपल्याला बाळ आठवतं आणि आपण विरघळतो. मूरची रेघ अतिशय देखणी आहे, त्यात वाद नाही. पण मला विचाराल तर तिथून मिकी गोड झाला आणि त्याला करायला काही उरलं नाही. आजकाल ॲपपासून बँकेपर्यंत सगळ्यांची जी बशीएवढ्या डोळ्यांची शुभंकरं दिसतात, ती मिकीच्या या उतारवयाची नातवंडं. भाच्याच्या वहीतली बावीसही.

सुट्टी संपायला दोन दिवस असताना मी त्याला शेवटचं काम दिलं. तीन कावळे, तिघांचं चित्र हुबेहूब एकच, समोर तोच पिंड. फक्त प्रत्येकाने तिथपर्यंत वेगळ्या तऱ्हेने यायचं. पहिला उड्या मारत आला आणि खाऊन गेला. दुसरा आला, दचकला, पळाला, परत आला. तिसऱ्यासाठी त्याने दोन दुपारी घातल्या. छोट्या वहीच्या कोपऱ्यांवर चित्रं काढून अंगठ्याने फडफडवत तो मला दाखवायला आला. कावळा पंख पाठीमागे बांधून संथ चालत येतो. थांबतो. भाताकडे बघत नाही, पत्रावळीकडे बघतो. ती जरा तिरकी आहे. पायाने ती सरळ करतो. मग पुन्हा दोन पावलं मागे जाऊन बोलावण्याची वाट बघत उभा राहतो.

मी वही दोनदा फडफडवून पाहिली. "काय रुसलाय रे! आणि भुवया कुठे आहेत?"

"कावळ्याला भुवया नसतात, आत्या," तो म्हणाला.